डब्यातली जाड भाकरी

मी जो काही झालो तो अक्कामुळे झालो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्यापेक्षा एकवीस वर्षांनी मोठी. तिचं कागदावरचं नाव इथे लिहीत नाही. पुढे दवाखान्याच्या केसपेपरवर ते माझ्याच हाताने इतक्या वेळा लिहावं लागलं की आता लिहायला हात उचलत नाही. घरात आणि गल्लीत तिला अक्काच म्हणत.

तेराव्या वर्षी तिचं लग्न झालं. दोन बाळंतपणं झाली, पण एकही पोर वाचलं नाही. नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, तेव्हा मी पाळण्यात होतो. वर्षभरात आमची आई गेली आणि मी अक्काच्या पदरात पडलो. थोरला भाऊ, नाना, शेतीत अडकला. मी शिकावं असं घरात कुणाला फारसं वाटत नव्हतं, विरोधही नव्हता. अक्काला मात्र वाटत होतं. तिला अक्षर येत नव्हतं. मी मोठ्याने वाचू लागलो की ती चुलीपाशी हात थांबवून ऐकत बसे.

आमचं गाव धुळे-शिरपूर रस्त्यावर आहे. मी धुळ्याला कॉलेजात गेलो आणि माझा डबा रोज सकाळच्या एसटीने येऊ लागला. गावच्या फाट्यावर नाना तो कंडक्टरच्या हाती देई, धुळ्याच्या स्टँडवर मी उतरवून घेई. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत जाई. चार वर्षांत तो एकदाही हरवला नाही. डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी असे, सोबत ठेचा, कधी डाळगंडोरी, म्हणजे मिरची घातलेली घट्ट डाळ. अक्काची भाकरी पातळ, एकसारखी, कडेपर्यंत भाजलेली असे. दुपारीसुद्धा तिची घडी मोडत नसे.

महिन्यातले चार दिवस मात्र भाकरी जाड यायची. ती वहिनीच्या हातची, म्हणजे नानाच्या बायकोच्या. अक्का त्या दिवसांत बाहेर बसायची. आमच्याकडे पाळीच्या चार दिवसांत बाईने चुलीला शिवायचं नाही असा रिवाज होता, तेव्हा घरोघरी होता. गोठ्याला लागून असलेल्या पडवीत तिची गोधडी आणि तिचा वेगळा तांब्या असे. धुळ्यात बसून मला भाकरीवरून घरचं हे कळायचं. मी ते कधी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखी ती गोष्टच नव्हती.

बी.ए. झालो तेव्हा गावात पहिलाच होतो. शिरपूर तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मला कारकुनाची नोकरी लागली. लग्न लांबत होतं, म्हणून डबा चालूच राहिला. फक्त आता तो धुळ्याऐवजी उलट्या दिशेच्या गाडीत बसे. त्याच सुमारास केव्हातरी जाड भाकरीचे चार दिवस बंद झाले. महिनेच्या महिने पातळ भाकरी येऊ लागली. अक्काचं वय तेव्हा चव्वेचाळीस-पंचेचाळीस असेल. बायकांचं ते थांबतं एवढं मला माहीत होतं. मला बरंच वाटलं. इतकाच माझा विचार.

बहात्तरचा दुष्काळ आला. शेतात काही उभं राहिलं नाही आणि रेशनवर परदेशातली लाल मिलो ज्वारी मिळू लागली. तिची भाकरी थापताना फुटते. दिवाळीनंतर माझ्या डब्यात जाड, चिरा पडलेली भाकरी दिसू लागली. कधी चार दिवस, कधी आठ दिवस सलग. मग मध्येच पुन्हा चार-सहा दिवस पातळ. मी समजलो, मिलो कधी बरी मिळते, कधी वाईट. संक्रांतीनंतर तर जाडच जास्त येऊ लागली. मी ती डाळीत कुस्करून खाल्ली आणि दुष्काळाला दोष दिला. सगळे तेच करत होते.

एका रविवारी घरी गेलो, तर अक्का पडवीत बसलेली. तीन-चार वर्षांनी तिला तिथे पाहत होतो. शेजारी तोच तांब्या. मी मान वळवून आत गेलो, पुरुषाने अशा वेळी करायचं तेच केलं. वहिनी चुलीपाशी होती. ती हसून म्हणाली, "देखं का भाऊ? तुमनी अक्का परत तरणी व्हयनी. देवनी जवानी परत दिधी."

बाहेरून अक्काचा आवाज आला, "तुले बी दी त्यो देव. मंग दखस तुन्ही मजा."

दोघी हसल्या. मलाही हसू आलं. जेवताना मी तिला दारातूनच विचारलं, "अक्का, बरी शे ना?"

"माले काय व्हयनं? जेव तू. वाळी गया."

वाळलेला मी नव्हतो, वाळलेली तीच दिसत होती. गालाची हाडं वर आली होती. पण त्या वर्षी सगळेच वाळले होते.

आमच्या केंद्रात एक सिस्टर होत्या. वयाने अक्काएवढ्या, बोलायला फटकळ, गावोगाव बाळंतपणं करत पायी हिंडलेल्या. दुपारी आम्ही सगळे एकाच टेबलावर डबे उघडत असू. माझी भाकरी पाहून त्या म्हणाल्या, "अहो, ही भाकरी आहे का चुलीचा दगड? लग्न करा आता."

मी गमतीने म्हटलं, "ही वहिनीची. बहिणीच्या हातची भाकरी बघा, मिलोची असली तरी पातळ असते. पण ती सध्या बाहेरच बसलेली असते. महिन्यातले वीस दिवस मी हेच खातो."

हे मी तोंडाने बोललो आणि बोलताना प्रथमच ऐकलं. तोवर मी स्वतःलाही ते असं सांगितलं नव्हतं. दिवस भाकरीत येत होते, मी रोज ते चावून खात होतो.

सिस्टरांनी घास खाली ठेवला. "वय काय बहिणीचं?"

"सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस."

"पाळी बंद झाली होती?"

"झाली होती. तीन-चार वर्षं."

"आणि तुम्ही सगळे खूश. परत आली म्हणून."

मी डबा बंद केला. त्या म्हणाल्या, "एकदा गेलेली पाळी परत येत नसते. येतं ते नुसतं रक्त असतं. महिन्याचा अहवाल तुम्हीच लिहिता ना? त्यात बायकांच्या रक्तस्रावाचा रकाना आहे. काय समजून भरता तो?"

तो रकाना मी वळणदार अक्षरात भरत होतो. माझ्या अक्षराचं जिल्ह्याच्या कचेरीत कौतुक होई.

त्यानंतरच्या रविवारी सिस्टर माझ्याबरोबर गावी आल्या. मी त्यांना ओसरीवर बसवत होतो, पण त्या सरळ पडवीत गेल्या आणि अक्काच्या गोधडीवर टेकल्या. अक्का दचकून मागे सरकली. "बाई, शिवू नका, मी बाहेरनी शे."

"असू दे. तहान लागली," असं म्हणून सिस्टर तिच्याच तांब्यातलं पाणी प्यायल्या. वहिनी दारातून बघत राहिली. नाना उठून शेताकडे निघून गेला, बैल पाहायचे म्हणाला.

त्या दोघी अर्धा तास बोलल्या. काय बोलल्या ते सिस्टरांनी परतीच्या गाडीत सांगितलं. दीड-दोन वर्षांपासून अंगावरून पांढरं जात होतं, त्याला वास होता. अक्का त्यावर तांदळाचं धुवण पीत होती. मग लाल दिसू लागलं तेव्हा तिला वाटलं, पाळीच आली. पाळी म्हटल्यावर बाहेर बसायचं. बाहेर बसली की घरात सगळ्यांना कळणारच, त्यामुळे वेगळं सांगायचं काय उरलं? ती काही लपवत नव्हती. वीस-वीस दिवस घरादारासमोर पडवीत बसून होती. तिला पाहून आम्ही मान वळवत होतो.

धुळ्याच्या दवाखान्यात लेडी डॉक्टर होत्या म्हणून अक्का तपासून घ्यायला तयार झाली. त्यांनी तपासलं, बारीक तुकडा काढून तपासणीला पाठवला. त्या पंधरवड्यात मी किती वेळा धुळ्याच्या स्टँडवर उतरलो ते आठवत नाही. आधी डबा घ्यायला जिथे उभा राहायचो, त्याच खांबाशी आता अक्का पिशवी घेऊन बसायची.

रिपोर्ट आल्यावर डॉक्टरबाईंनी मला आणि नानाला आत बोलावलं. म्हणाल्या, "गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग आहे. आजूबाजूला थोडा पसरलाय, त्यामुळे ऑपरेशनचा उपयोग नाही. पण शेक देऊन बरा होण्याची आशा आहे. मुंबईला न्या. पाच आठवडे बाहेरून विजेचा शेक, मग दोन आठवड्यांनी आत रेडियम ठेवतील. दोन्ही झाले तरच उपचार पुरा झाला असं समजा. अर्ध्यावर सोडायचा नाही."

नाना बाहेर येऊन भिंतीला टेकला. "तिले सांगू नको," एवढंच म्हणाला. मीही तेच ठरवलं होतं. आमच्याकडे असं नाव रोग्याच्या कानावर घालत नसत, ऐकून माणूस खचतं म्हणून. अक्काला आम्ही सांगितलं, आत जखम आहे, शेकाने भरेल.

मुंबईला तिच्याबरोबर वहिनी गेली. तिने आपणहून पिशवी भरली. जवानीच्या थट्टेबद्दल ती कधी काही बोलली नाही, पण मला वाटतं ते तिला आत लागलं होतं. त्या पाच आठवड्यांत माझा डबा नानाने भरला. त्याच्या भाकऱ्या खाल्ल्यावर मला वहिनीची भाकरी पातळ होती असं वाटू लागलं. दोनदा रजा काढून मी मुंबईला जाऊन आलो. अक्का बाकावर शंभर बायकांत बसलेली असायची. कुठकुठल्या बायका होत्या, सगळ्यांच्या कंबरेखाली निळ्या शाईच्या खुणा आणि प्रत्येकीला घरच्या चुलीची काळजी. वहिनी म्हणाली, "भाऊ, आठे मुंबईले आवनू तव्हय समजनं. बठ्ठ्या बाया उशिराच येल शेतस."

आखाजीच्या आठवडाभर आधी अक्का गावी परत आली. रक्त थांबलं होतं, वासही गेला होता. ती बऱ्याच दिवसांनी चुलीपाशी बसली. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमचा मोठा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, पितरांच्या नावाने घागर भरतात, घरोघरी खापरावर मांडे होतात. गल्लीत मांडा लांबवावा तो अक्कानेच. त्या वर्षी पुरण कमी होतं, पण मांडे तिनेच केले आणि घागरही तिच्या हातून भरली गेली. माझ्या डब्यात पातळ भाकरी आली. खरं सांगतो, ती पाहून मला इतकं बरं वाटलं की मुंबईची तारीख जवळ आली आहे हे मी दोन दिवस आठवूच दिलं नाही.

तारीख गेली. मी रविवारी घरी गेलो. अक्का म्हणाली, "मी बरी शे, भो. कसाले परत जावानं? जखम भरी गयी. तू सांगेल व्हतं ना, भरी जाई म्हणीसन?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टर त सांगतीनच. त्यास्नं कामच शे ते."

नाना म्हणाला, "पाऊस पडू दे, मंग दखू." वहिनीला मुंबईत खरं काय ते कळलं होतं, पण नवऱ्यासमोर बोलायची तिची पद्धत नव्हती. मी इकडचं तिकडचं बोललो आणि गाडी पकडून आलो.

सोमवारी सिस्टरांनी विचारलं, "गेली का?" मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही तिला नेमकं काय सांगितलंत?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग चूक तिची कुठे आहे? जखम सांगितलीत, ती भरली. ती बरोबर वागतेय."

त्या शब्दांनी मी थकलो. चार महिने धावपळ करून थकलो नव्हतो तेवढा. शिकलेला मी, रोगाचं नाव माहीत असलेला मी, आणि जिचा रोग तिलाच ते माहीत नव्हतं. समोर बसून तो शब्द उच्चारणं मला जमणार नाही हे कळत होतं. तोंडात अहिराणी आली की मी तिचा लहान भाऊ होई आणि गप्प बसे. लिहायला मात्र मला शाळेने शिकवलं होतं, आणि शाळेत तिने घातलं होतं. वहिनी चौथीपर्यंत शिकलेली. ती अक्काला वाचून दाखवील, दोघी बायकाच असतील. संध्याकाळच्या गाडीने परत जाणाऱ्या डब्यात मी पत्र ठेवलं.

पुढे काय झालं ते आधी सांगतो. अक्का पुन्हा मुंबईला गेली. रेडियमच्या नळ्या आत ठेवून तिला तीन दिवस एका खोलीत एकटीला निजवून ठेवलं होतं. हलायचं नाही, कुणी जवळ बसायचं नाही, नर्ससुद्धा दुरून विचारून जायची. मी दाराच्या चौकटीशी उभा राहिलो तेव्हा ती छताकडे पाहत म्हणाली, "आठे बी बाहेरच बठाडं माले." मी या वेळी मान वळवली नाही. दुरूनच, पण तिच्याशी बोलत राहिलो.

त्यानंतर ती सहा वर्षं जगली. पहिली चार चांगली गेली, नंतर दुखणं उलटलं. शेवटचे महिने कठीण होते, त्यांच्याबद्दल लिहिण्याची ताकद नाही. डॉक्टरबाई एकदा म्हणाल्या होत्या की पांढरं जात होतं तेव्हाच आली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. ते वाक्य मी अजून बाळगतो. घरातल्या इतर बायकांनाही दाखवून घ्या, असंही त्यांनी सांगितलं होतं. वहिनी गेली, गल्लीतल्या आणखी तिघींना घेऊन गेली. पडवीतलं बसणं आमच्या घरात तिनेच मोडलं. त्यावर कुणी भाषण केलं नाही. एक दिवस तिने तो तांब्या घासून आत मांडणीवर ठेवला.

आता सांगतात की हा रोग एका विषाणूमुळे होतो. तो नवराबायकोच्या सहवासातून येतो, पुष्कळांना होतो आणि बहुतेकींच्या शरीरातून आपोआप जातोही. काहींमध्ये तो राहतो आणि वर्षानुवर्षांनी त्याचा कर्करोग होतो. त्यात कुणाचं पाप नाही, वाईट चालीचा प्रश्न नाही. तिशीनंतर ठरावीक वर्षांनी तपासून घेतलं तर रोग होण्याआधीच कळतं, आणि मुलींना लसही देता येते. माझ्या नातीला मी स्वतः घेऊन गेलो. सुई टोचताना ती हसत होती. मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो, मला अशा बाकांची सवय आहे.

वहिनीने ते पत्र जपून ठेवलं होतं. अक्का गेल्यावर तिने ते माझ्या हातात दिलं, तेलाचा डाग पडलेलं. जसंच्या तसं उतरवतो.

तीर्थरूप अक्कास, धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र वहिनी तुला वाचून दाखवील. दार लावून घ्या. नाना घरात असेल तर त्याला शेतात जाऊ दे.

अक्का, आम्ही तुला खोटं सांगितलं. तुला जखम नाही, कर्करोग आहे. गर्भाशयाच्या तोंडाशी आहे. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी नानाला आणि मला सांगितलं होतं. तू खचशील म्हणून आम्ही लपवलं. पण तूच मला न खचता वाढवलंस हे आम्ही विसरलो. माझी चूक झाली.

रक्त थांबलं म्हणून तुला बरं वाटतं आहे. तू रोज संध्याकाळी चुलीतला निखारा राखेत पुरून ठेवतेस. वरून हात लावला तर राख गार लागते आणि सकाळी फुंकर घातली की पेटतो. तुझं आतलं तसंच आहे. बाहेरच्या शेकाने वरची आग गेली, निखारा आहे. रेडियम त्याच्यासाठी आहे. वाट पाहिली तर तो पुन्हा पेटेल आणि मग डॉक्टरांच्या हातात फार काही राहणार नाही. बरं होशीलच असं मी लिहू शकत नाही, कारण आता खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे. गेलीस तर आशा आहे, न गेलीस तर नाही.

दिवाळीपासून माझ्या डब्यात जाड भाकरी येत होती. तुझे दिवस मला भाकरीवरून कळायचे, कॉलेजात असल्यापासून. तरी मी विचारलं नाही. आता पातळ भाकरी येते आहे. तीन आठवडे मी ती आनंदाने खाल्ली आणि तुला पाठवायचं विसरलो. आजची अर्धी परत ठेवली आहे, रागावू नकोस.

मला शिकवून काय मिळालं असं तुला कुणी विचारलं तर तू काय सांगशील मला माहीत नाही. मला एवढंच येतं की हे लिहावं.

तू चुलीपासून ऊठ. वहिनी तुझ्याबरोबर येईल, तिला मी सांगत नाही, तीच येईल. डब्याची काळजी करू नकोस. नाना थापेल तशी भाकरी मी खाईन.

रविवारी सकाळच्या गाडीने येतो. पिशवी भरून फाट्यावर थांब.